सर्वांत जुना खासदार आणि ‘फादर ऑफ द हाऊस’

ब्रिटनमध्ये निवडणूक झाली की आपल्याकडे एक वाक्य हमखास वाचायला मिळतं: ‘सभागृहातले सर्वांत ज्येष्ठ खासदार, म्हणजेच फादर ऑफ द हाऊस.’ त्या वाक्यातलं ‘म्हणजेच’ माझ्या डोक्यात जातं. त्याहून जास्त डोक्यात जातं ते ‘सभागृहाचे जनक’ हे भाषांतर. शेकडो वर्षांच्या सभागृहाला आता नवा जनक कुठून मिळायचा? ‘पितामह’ त्यातल्या त्यात बरं, पण तेही ऐकलं की पांढरी दाढीच डोळ्यांसमोर येते, आणि या मानाचा वयाशी काडीचा संबंध नाही. मी आपलं सरळ ‘फादर ऑफ द हाऊस’च लिहितो. हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, सलग सर्वांत जास्त काळ खासदार असलेल्याचा हा मान.

आपले हंगामी अध्यक्ष तुम्हाला माहीत आहेतच, त्यामुळे त्यांच्यावर फार वेळ घालवत नाही. लोकसभेत राष्ट्रपती आणि विधानसभेत राज्यपाल त्यांना नेमतात. ते नव्या सदस्यांना शपथ देतात आणि मग अध्यक्षाची निवड होते. ब्रिटनमध्ये क्रम उलटा असतो. आधी अध्यक्ष निवडायचा, मग बाकीच्यांनी शपथ घ्यायची. त्या निवडीपुरते फादर ऑफ द हाऊस अध्यक्षस्थानी बसतात. त्यांचं औपचारिक काम एवढंच. जादा पगार नाही, अधिकार नाहीत.

फरक नेमणुकीत आहे. २०१९ साली महाराष्ट्रात हंगामी अध्यक्ष म्हणून कालिदास कोळंबकरांनी आमदारांना शपथ दिली आणि सरकार आल्यावर दोन-तीन दिवसांत त्यांच्या जागी दिलीप वळसे-पाटील आले. ब्रिटनमध्ये असं करता येत नाही, कारण फादरला कुणी नेमतच नाही. ते हिशेबाने ठरतं.

आणि गोंधळ नेमका या हिशेबात आहे.

एकूण किती वर्षं खासदार होतात, हे तिथे कुणी विचारत नाही. सलग किती वर्षं आहात, हे विचारतात. मध्ये एकदा जरी पडलात तरी आधीची सगळी वर्षं पुसली जातात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. बँकेतल्या मुदत ठेवीसारखं नाही हे, की मोडली तरी मुद्दल हातात राहतं. इथे मुद्दलही जातं.

चर्चिलचं उदाहरण घ्या. ते पहिल्यांदा निवडून आले १९०० साली, ओल्डहॅममधून. शेवटी सभागृह सोडलं १९६४ साली. एकूण साठहून जास्त वर्षं! पण १९२२ साली ते डंडीतून पडले आणि १९२४ साली एपिंगमधून परतले. झालं, त्यांची मोजणी १९२४पासून. १९५१ ते १९५५ या काळात ते दुसऱ्यांदा पंतप्रधान होते, तेव्हा त्यांच्याइतका जुना संसदपटू सभागृहात नव्हता, आणि तरीही फादर ऑफ द हाऊस ते नव्हते. १९५२पासून तो मान होता डेव्हिड ग्रेनफेल यांच्याकडे. ग्रेनफेल म्हणजे वेल्समधले एकेकाळचे खाणकामगार, १९२२ साली पहिल्यांदा निवडून आलेले. चर्चिल संसदेत आले त्यानंतर तब्बल बावीस वर्षांनी! १९५९ साली ग्रेनफेल बाहेर पडले तेव्हा कुठे चर्चिल फादर झाले. तोवर त्यांचं वय ८४ झालं होतं.

हेच मार्गारेट बेकेट यांच्या बाबतीत. त्या १९७४ साली लिंकनमधून पहिल्यांदा खासदार झाल्या, १९७९ साली पडल्या, १९८३ साली डर्बी साऊथमधून परत आल्या. हॅरिएट हार्मन सभागृहात आल्या १९८२ साली, पोटनिवडणुकीत. सलग सेवेत सगळ्यांत जुन्या महिला खासदार म्हणून ‘मदर ऑफ द हाऊस’ ही बिरुदावली अलीकडे रूढ झाली, ती हार्मन यांना मिळाली. बेकेट आधी आल्या होत्या, पण एक निवडणूक आडवी आली.

हे तर्कट वाटत असेल तर आपल्याकडचे गणपतराव देशमुख आठवा. सांगोल्यातून अकरा वेळा आमदार. १९६२पासून २०१४पर्यंतच्या निवडणुका ते जिंकत आले, फक्त १९७२ आणि १९९५ साली पडले. आपण अकरा हा आकडा अभिमानाने सांगतो आणि सांगायलाच हवा. पण ब्रिटिश फूटपट्टी लावली तर २०१४ साली गणपतरावांची ज्येष्ठता १९९९पासून धरली गेली असती. १९९०पासून न पडलेले कोळंबकर त्यांच्या पुढे बसले असते! मला हा नियम मनातून आवडत नाही. पण नियम म्हणून तो स्वच्छ आहे, कुणाच्या मर्जीवर नाही.

मर्जीवर ठेवलं की काय होतं, ते २०२४च्या जूनमध्ये लोकसभेत दिसलंच. काँग्रेसचे कोडिकुन्नील सुरेश आठ वेळा निवडून आलेले, पण १९९८ आणि २००४ साली पडलेले. भाजपचे भर्तृहरी महताब सात वेळा, पण १९९८पासून सलग. हंगामी अध्यक्ष झाले महताब. सरकारचं म्हणणं, सलग सेवा मोजायची. विरोधकांचं म्हणणं, एकूण खेपा मोजायच्या. दोन्ही बाजूंना आपापली फूटपट्टी सोयीची होती, आणि लेखी नियम असता तर वादच झाला नसता.

आता दुसरी पायरी. दोघे एकाच दिवशी निवडून आले आणि दोघेही कधी पडले नाहीत, तर? अशा वेळी सभागृहात आधी शपथ कुणी घेतली, ते बघतात. केनेथ क्लार्क आणि डेनिस स्किनर, दोघेही १८ जून १९७०च्या निवडणुकीत आले. क्लार्क रशक्लिफमधून, हुजूर पक्षाचे. स्किनर बोल्सोव्हरमधून, मजूर पक्षाचे. इतकी विजोड जोडी शोधून सापडणार नाही. क्लार्क आरोग्य, शिक्षण, गृह, अर्थ, न्याय अशी खाती फिरून आलेले, जॅझचे शौकीन, पक्षाच्या नेतेपदासाठी तीनदा लढून तीनदा हरलेले. स्किनर कोळशाच्या खाणीतून आलेले, जन्मात मंत्री न झालेले. राणीच्या भाषणाला बोलवायला ‘ब्लॅक रॉड’ हा संसदेचा अधिकारी दारात आला की बाकावरून टोमणा मारणं हे त्यांचं दरवर्षीचं व्रत. वयाने स्किनर आठ वर्षांनी मोठे.

त्याच निवडणुकीत आलेले जेराल्ड कॉफमन २०१५ साली फादर झाले, कारण शपथेच्या रांगेत ते पुढे होते. फेब्रुवारी २०१७मध्ये ते वारले. मग मान क्लार्कना मिळाला, कारण १९७०च्या रांगेत स्किनर त्यांच्या मागे होते. सभागृहातले सर्वांत वयस्क सदस्य तेव्हा स्किनर. म्हणजे ‘सर्वांत वयोवृद्ध’ आणि ‘फादर’ ही दोन वेगळी माणसं एकाच वेळी समोरासमोरच्या बाकांवर बसलेली होती. तरी ते ‘म्हणजेच’ काही जात नाही.

हा मान पक्षाच्याही हातात नसतो. सप्टेंबर २०१९मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानात क्लार्क सरकारविरुद्ध गेले आणि पक्षाने त्यांच्यासह २१ खासदारांना संसदीय पक्षातून काढलं. आपल्याकडे अशा माणसाला समितीतही ठेवलं नसतं. क्लार्क मात्र फादर ऑफ द हाऊस राहिले आणि ४ नोव्हेंबरला, अपक्ष म्हणून, नव्या अध्यक्षाची निवड त्यांनीच पार पाडली. लिंडसे हॉइल निवडून आले.

त्या डिसेंबरात क्लार्क उभे राहिले नाहीत. पुढचा नंबर आपोआप स्किनरचा होता, जरी आपल्याला हा मान नको असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. तो नाकारायची वेळच आली नाही. ४९ वर्षांनंतर, वयाच्या ८७व्या वर्षी, बोल्सोव्हरने त्यांना पाडलं आणि मान गेला पीटर बॉटमली यांच्याकडे. ते १९७५ सालच्या पोटनिवडणुकीत आलेले आणि तोवर एकदाही न पडलेले.