हरवलेले मेंढरू (ख्रिस्ती दाखला)

येशू ख्रिस्ताने सांगितलेला एक दाखला. शंभरांपैकी एक मेंढरू चुकते. मेंढपाळ उरलेली नव्व्याण्णव मागे ठेवून ते शोधतो, खांद्यावर घालून घरी आणतो आणि मित्र-शेजाऱ्यांना आनंदात सामील व्हायला बोलावतो. पापक्षमा व समेट यांविषयीच्या ख्रिस्ती शिकवणीत या दाखल्याला मोठे स्थान आहे.

दाखला दोन शुभवर्तमानांत (येशूचे जीवन व शिकवण सांगणाऱ्या ग्रंथांत) येतो, पण त्याचा रोख दोन्हीकडे सारखा नाही. लूकमध्ये (१५:३–७) येशू जकातदार व पापी लोकांच्या पंक्तीला बसतो म्हणून परूशी (कडक धर्माचरणाचा यहुदी पंथ) आणि शास्त्री (धर्मशास्त्राचे जाणकार) कुरकुर करतात. दाखला त्यांना दिलेले उत्तर आहे. मत्तयमध्ये (१८:१२–१४) श्रोते शिष्यच आहेत आणि रोख मंडळीतील (ख्रिस्ती समुदायातील) लहानांना न दुरावण्यावर आहे. तेथे मेंढरू ‘भटकते’, आणि ते सापडेलच अशी खात्रीही दिलेली नाही. खांद्यावर घेण्याचा तपशील फक्त लूककडे आहे. इजिप्तमधील नाग हम्मादी येथे १९४५ मध्ये मिळालेल्या हस्तलिखितांतील, बायबलबाहेरच्या थोमाच्या शुभवर्तमानात (वचन १०७) तिसरे रूप आढळते. त्यात हरवलेले मेंढरू कळपातले सर्वांत मोठे असून मेंढपाळ त्याला इतरांहून अधिक प्रिय मानतो. हे रूप मूळचे असावे असे मत अधूनमधून मांडले जाते. मात्र मोठे म्हणून शोधले, ही सबब दाखल्याची धारच बोथट करते. त्यामुळे ते नंतरचे संस्करण मानणेच अधिक सयुक्तिक दिसते. थोमाच्या शुभवर्तमानाचा काळ साधारणतः दुसऱ्या शतकात धरला जातो, पण त्यावर एकमत नाही. नव्व्याण्णवांची राखण कोणाकडे होती याचा खुलासा लूक किंवा मत्तय करत नाहीत. सोबतीला दुसरे मेंढके असणार, हे भाष्यकारांचे अनुमान आहे. कळप राखणाऱ्या कोणालाही ते पटण्यासारखे आहे.

हरवलेले मेंढरू म्हणजे नेमके कोण, यावर तिसऱ्या शतकाच्या आरंभी कडाक्याचा वाद झाला. उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन याने प्रायश्चित्तावरील आपल्या आधीच्या ग्रंथात हा दाखला पाप करून परतणाऱ्या ख्रिस्ती माणसाला लावला होता. पुढे तो कठोर शिस्तीच्या माँटेनवादी पंथाकडे वळला. एका बिशपने व्यभिचाराचे पापही प्रायश्चित्तानंतर क्षम्य ठरवले, तेव्हा त्याने शुचितेवरील ग्रंथात उलट भूमिका घेतली : मेंढरू म्हणजे अजून विश्वास न ठेवलेला परधर्मीय, बाप्तिस्म्यानंतर (ख्रिस्ती होण्याच्या जलविधीनंतर) घसरलेला ख्रिस्ती नव्हे. विरोधकांच्या प्याल्यांवर मेंढपाळाचे चित्र असते, असा टोमणाही त्याने मारला. दाखला तेव्हाच चित्रांत उतरला होता याचा हा लेखी पुरावा त्या टोमण्यामुळेच उरला आहे. तो बिशप रोमचा कॅलिस्टस (कार्यकाळ सु. २१७–२२२) असल्याचे पूर्वी सर्रास मानत, अलीकडे कार्थेजच्याच बिशपकडे अभ्यासकांचा कल आहे आणि ग्रंथातील स्थानिक संदर्भ पाहता तो योग्य वाटतो. चर्चने पुढे तर्तुलियनचा आधीचाच अर्थ उचलला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन (धर्मगुरूसमोर पापांची कबुली) बंधनकारक केले. १९७३ च्या सुधारित विधीने कॅथलिक प्रायश्चित्त संस्काराला समेटाचे अंग ठळकपणे दिले.

मेंढरू खांद्यावर घेतलेल्या माणसाची आकृती ख्रिस्तपूर्व आहे. ग्रीक शिल्पांत मेंढा किंवा वासरू वाहणारा पुरुष आढळतो. अथेन्सच्या अक्रोपोलिसवरील वासरू वाहणाऱ्याचा पुतळा इ. स. पू. सहाव्या शतकातला आहे. रोमच्या भूमिगत दफनस्थळांत आणि सिरियातील दूरा-युरोपॉस येथील प्रार्थनागृहात (तिसरे शतक) ही आकृती ख्रिस्ती अर्थाने येते.

दाखल्यातले मेंढरू निव्वळ प्रतीक समजण्याकडे टीकाकारांचा ओढा असतो. पण त्याआधीच्या बायबलमध्ये (जुन्या करारात) माणूस आणि जनावर यांचे नाते स्वतःच पश्चात्तापाचे कारण बनले आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाला त्याचे पाप दाखवताना एका गरिबाच्या कोकरीची गोष्ट सांगतो (२ शमुवेल १२). ती त्याच्या ताटातले खाई, त्याच्या उराशी निजे, त्याला लेकीसारखी होती. श्रीमंताने ती पाहुण्यासाठी कापली हे ऐकून राजा संतापतो आणि चौपट भरपाईचा निवाडा देतो. ग्रीक अनुवादात येथे सातपट आहे. निर्गम २२:१ मधील चौपट भरपाईच्या नियमाशी जुळणारा हिब्रू पाठच बहुधा मूळचा. मेंढरांच्या बाजूनेही नाते पोकळ नाही. मेंढ्या पन्नास मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षांपर्यंत लक्षात ठेवतात, असे इंग्लंडमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले.

नाशिक परिसरात या दाखल्याचे ऐकणारे दोन प्रकारचे आहेत. सिन्नर, येवला, नांदगाव या कोरड्या तालुक्यांत धनगरांच्या दख्खनी मेंढ्या चरतात. रात्री वाघरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडलेला कळप, शेतात मेंढ्या बसवून मिळणारे खत, पाठीवरून आणलेले नवजात कोकरू ही तिथली रोजची गोष्ट. मात्र हा समाज बहुतांशी ख्रिस्ती नाही. ख्रिस्ती वस्ती मुख्यतः शहरात व नाशिकरोडला आहे. चर्च मिशनरी सोसायटीने १८३२ मध्ये नाशिकला काम सुरू केले आणि १८५४ च्या सुमारास विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शरणपूर ही ख्रिस्ती वस्ती वसवली. ही मंडळी तेव्हा अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली) असल्याने १५५२ पासून प्रार्थनापुस्तकात असलेले सामुदायिक पापकबुलीचे वचन, आम्ही हरवलेल्या मेंढरांप्रमाणे भटकलो, येथील उपासनेच्या परंपरेत आले. म्हणजे येथे दाखला क्षमा मागणाऱ्याच्या तोंडी बसला. कॅथलिक धर्मप्रांत नाशिकला १९८७ मध्ये स्थापन झाला. त्या परंपरेत धर्मगुरूसमोरचे वैयक्तिक पापनिवेदन चालते.

जवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे उदाहरण मराठी ख्रिस्ती लेखनात समेटाच्या संदर्भात दिले जाते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांच्या १८९५ मधील बाप्तिस्म्यानंतर पति-पत्नी काही वर्षे दुरावली, पुन्हा एकत्र आली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. त्यावर हा दाखला लादणे मात्र टाळावे. त्या घरात कोण कोणाला शोधत गेले, हे एका बाजूने ठरवता येत नाही.