तलावात क्लोरीन जास्त झालं तर

जलतरण तलावात क्लोरीन जास्त झालंय का, हे वासावरून ठरवू नये. डोळ्यांत झोंबणारा तो उग्र वास बहुतेक वेळा क्लोरामाइन्सचा असतो. घाम आणि लघवीतल्या द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग झाला की ती तयार होतात. त्यामुळे वास मारणाऱ्या पाण्यात मोकळं क्लोरीन, म्हणजे असा संयोग न झालेलं, जंतू मारायला शिल्लक असलेलं क्लोरीन, कमीसुद्धा असू शकतं.

म्हणून मोजणं आलंच. मोकळं क्लोरीन साधारण 1 ते 3 पीपीएम, म्हणजे हजार लिटरला 1 ते 3 ग्रॅम, असावं. पण मोजतानाही फसगत होते. नमुन्यात डीपीडी या क्लोरीन तपासायच्या रसायनाची गोळी टाकली की पाणी गुलाबी होतं. क्लोरीन जितकं जास्त तितका रंग गडद. मात्र प्रमाण फारच वाढलं, साधारण 10 पीपीएमच्या वर गेलं, की क्लोरीन तो रंगच उडवून टाकतं. नळीत क्षणभर गुलाबी झाक येते आणि पाणी पुन्हा नितळ! बघणाऱ्याला वाटतं क्लोरीन संपलं, आणि तो आणखी पावडर टाकतो. शंका आली तर एक भाग तलावाचं पाणी चार भाग डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून तपासा आणि आलेल्या आकड्याला 5 ने गुणा.

क्लोरीन उतरवायला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ऊन. अतिनील किरणांनी पाण्यातला हायपोक्लोराइट, म्हणजे मोकळ्या क्लोरीनचंच पाण्यातलं रूप, फुटतो. ब्लीचिंग पावडर वापरलेल्या उघड्या तलावात भर उन्हात काही तासांतच मोठा फरक पडतो. आपल्याकडे सर्रास वापरली जाणारी टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) ही क्लोरीनची पावडर मात्र पाण्यात सायन्युरिक आम्ल सोडते, आणि ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं. अशा तलावाला जास्त दिवस लागतात.

पाणी बदलूनही क्लोरीन उतरतं, पण 12 वरून 3 पीपीएमवर यायला पाऊण तलाव उपसावा लागतो. लाख लिटरच्या तलावात ते 75 हजार लिटर झाले. टँकर मागवणाऱ्या सोसायटीने मे महिन्यात हे करणं मला अजिबात पटत नाही.

घाईच असेल तर सोडियम थायोसल्फेट वापरा. फोटोच्या डार्करूममधला आणि मासे पाळणाऱ्यांच्या ओळखीचा हा ‘हायपो’ क्लोरीनचं निरुपद्रवी क्लोराइड करतो. तो किती लागेल हे पाण्याच्या पीएचवरही अवलंबून असतं. म्हणून हिशेबाच्या निम्माच टाका, पंप चालू ठेवा, काही तासांनी पुन्हा मोजा. हायपो जास्त पडला तर नंतर टाकलेलं क्लोरीनही तो संपवत राहतो, आणि तोवर पाणी जंतूंना मोकळं असतं.