आधी फाइल सिस्टिम, मग ऑपरेटिंग सिस्टिम

घरात जुना पीसी पडून आहे, चार हार्ड डिस्क आहेत, त्यांचा फाइल सर्व्हर करायचाय. त्यावर काय टाकू? पंधरा वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर उलट्या टोकाकडून यायचं. आधी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली कशा मांडायच्या ती व्यवस्था, ठरायची आणि ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यामागून निमूट यायची. याचं कारण तंत्रात कमी आणि लायसन्सच्या कलमांत जास्त आहे.

१९९३ साली आलेली ईएक्सटी-२ ही बरीच वर्षं लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम होती. लोडशेडिंगच्या काळात यूपीएसशिवाय ती वापरलेल्यांना आठवत असेल: वीज परत आली की मशीन सगळी डिस्क तपासत बसायचं, आणि चहा करून, पिऊन, कप विसळून झाला तरी ते संपायचं नाही. २००१ मध्ये ईएक्सटी-३ लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, आली. बदल करण्याआधी ती त्याची नोंद जर्नलमध्ये करते, त्यामुळे तो ताप गेला. पण जर्नलमुळे फक्त फाइल सिस्टिमची घडी शाबूत राहते. फोटोतले बाइट काल होते तेच आज आहेत का, हे त्याला ठाऊक नसतं. दोन डिस्कवर एकाच फाइलच्या दोन प्रती ठेवल्या आणि त्यातली एक बिनबोभाट बिघडली, तर साध्या रेडला (अनेक डिस्क मिळून एक म्हणून चालवणाऱ्या रचनेला) खरी कुठली ते कळायला मार्ग नाही.

या दुखण्यावर २००१ मध्येच सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी काम सुरू केलं. त्यातून झेडएफएस या फाइल सिस्टिमचं काम उभं राहिलं. प्रत्येक ब्लॉकचा (डेटाच्या तुकड्याचा) चेकसम, म्हणजे त्यातल्या बाइटांवरून काढलेला पडताळणीचा आकडा, त्या ब्लॉकजवळ न ठेवता त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवायचा, आणि हीच साखळी थेट मुळापर्यंत न्यायची. म्हणजे चोर आणि साक्षीदार एकाच घरात राहत नाहीत. एखादी प्रत बिघडलेली सापडली की दुसऱ्या, चेकसम जुळणाऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त होते. शिवाय जुना ब्लॉक न खोडता नवा लिहायचा, म्हणून स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या डेटाची जपून ठेवलेली स्थिती, जवळपास फुकट. घरगुती वापराला याहून आणखी काय हवं?

नोव्हेंबर २००५ मध्ये ओपनसोलारिस या सनच्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर त्याचा सोर्स कोड खुला झाला आणि तिथेच घोडं अडलं. कोड सीडीडीएल या लायसन्सखाली होता, लिनक्सचा कर्नल जीपीएल-२ खाली. दोन्ही खुली, पण एकत्र केलेल्या सगळ्या कामावर आपल्याच अटी लागू व्हाव्यात हा जीपीएलचा हट्ट, तर आपल्या फाइली आपल्याच अटींखाली राहाव्यात हा सीडीडीएलचा. एका म्यानात या दोन तलवारी बसेनात. फ्रीबीएसडी या दुसऱ्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायसन्सची अशी काही अट नव्हती. पावेल याकुब दाविदेक यांनी २००७ मध्ये झेडएफएस तिथे आणलं आणि ‘झेडएफएस हवंय ना, मग फ्रीबीएसडी घे’ हा शिरस्ता पडला.

फाइल सर्व्हरसाठीच्या फ्रीनॅसचं नशीब इथे उघडलं. ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५ मध्ये सुरू केलेलं हे छोटंसं फ्रीबीएसडी पेन ड्राइव्हवरून चालायचं आणि ब्राउझरमधून हाताळता यायचं. २००९ मध्ये ते डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर नव्याने लिहावं असं त्याच्यावर काम करणाऱ्या फोल्कर थाइले यांनी सुचवलं. तसं झालं नाही; आयएक्ससिस्टिम्स कंपनीने फ्रीनॅस फ्रीबीएसडीवरच पुढे नेलं आणि थाइले यांनी ओपनमीडियाव्हॉल्ट नावाने वेगळी चूल मांडली.

दरम्यान लिनक्सवाल्यांनी स्वतःचं उत्तर शोधायला घेतलं होतं. क्रिस मेसन यांनी २००७ मध्ये बीटीआरएफएस सुरू केलं, तेही ओरॅकल कंपनीत बसून. २०१० मध्ये त्याच ओरॅकलने सन विकत घेतली, म्हणजे दोन्ही प्रतिस्पर्धी एका छपराखाली आले! ओपनसोलारिस मात्र त्याच वर्षी गुंडाळलं गेलं. बीटीआरएफएस एका-दोन डिस्कवर चांगलं रुळलं, पण त्याचं रेड-५ आणि रेड-६ (पॅरिटी, म्हणजे बंद पडलेल्या डिस्कचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेला जादा हिशेब, वापरणारे रेडचे प्रकार) आजही विश्वासाने वापरावं असं झालेलं नाही. तयार फाइल सर्व्हर विकणाऱ्या सिनॉलॉजीने शहाणपणाने रेडचं काम लिनक्समधल्या एमडी या जुन्या रेड-व्यवस्थेकडेच ठेवलं आणि बीटीआरएफएस त्याच्यावर चढवलं.

झेडएफएस लिनक्सवर आणलं ते अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने, स्वतःच्या महासंगणकांसाठी, कर्नलबाहेरचं मॉड्यूल म्हणून. २०१६ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या प्रकाराने ते सोबतच द्यायला सुरुवात केली. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी २०२० मध्येही ओरॅकलचं सहीचं पत्र मिळाल्याशिवाय ते कर्नलमध्ये घेणार नाही असं बजावलं, तरी त्याच वर्षाअखेर झेडएफएसच्या खुल्या प्रकल्पाच्या, ओपनझेडएफएसच्या, २.० आवृत्तीने लिनक्स आणि फ्रीबीएसडीचा कोड एक केला. २०२२ मध्ये फ्रीनॅसची वारसदार ट्रूनॅस ‘स्केल’ या आवृत्तीत आली, ती चक्क डेबियनवर. थाइलेंची चूल मांडून तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती.

एक दुखणं मात्र अस्सल घरगुती होतं. सनच्या इंजिनिअरांपुढे डिस्कने भरलेली कपाटं होती; घरचा माणूस एकेक डिस्क घेतो, पैसे साठतील तशी. चार डिस्कच्या रेड-झेडमध्ये (झेडएफएसच्या पॅरिटीवाल्या रेडमध्ये) पाचवी घालायची सोयच नव्हती. भिन्न आकारांच्या डिस्क हव्या तशा वाढवू देणारी अनरेड ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम पैसे मोजून घ्यायला लोक तयार झाले, ते बरंचसं यामुळेच. ती सोय झेडएफएसला जानेवारी २०२५ मध्ये, २.३ या आवृत्तीत मिळाली. तरी पाचवी डिस्क लावल्यावर जुना डेटा पॅरिटीच्या जुन्याच प्रमाणात राहतो. नव्या प्रमाणाचा फायदा हवा तर तो पुन्हा लिहून काढावा लागतो.