वजन साठच किलो, मग तपासणी कशाला?

मालवणातल्या आमच्या लॅबमध्ये चरबी मोजायचं मशीन आल्यापासून हा प्रश्न रोज कानावर येतो. त्याचं उत्तर एका गाजलेल्या फोटोत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा हा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, एकच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाट्याला हा फरक कळत नाही.

हातपाय काटकुळे आणि पोट तेवढं पुढे, अशी माणसं आपल्याकडे घरोघरी दिसतात. आतड्यांभोवती साठलेली ही चरबी कातडीखालच्या चरबीपेक्षा वाईट. तिच्यातली स्निग्धाम्लं थेट यकृतात उतरतात, यकृत साखर आवरणाऱ्या इन्सुलिनला जुमानत नाही, आणि साखर व ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) दोन्ही चढू लागतात.

आता मशीन घेऊन बसलो असलो तरी खरं तेच सांगतो: आधी शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर घेर मोजायचा. पुरुषांचा ९० सेंटिमीटर किंवा वर, बायकांचा ८० किंवा वर असेल तर सावध व्हा. पँटचा नंबर सांगू नका, ती पोटाखाली बांधलेली असते. पोट आत ओढून उभे राहणारेही बरेच येतात. आम्ही त्यांना मासळीचा भाव विचारतो, बोलता बोलता पोट आपोआप सुटतं. घरी बघायचं तर उंचीएवढी सुतळी घ्या, दुमडून निम्मी करा आणि पोटाभोवती लावा. टोकं जुळली नाहीत तर या.

वाढलेला घेर ही एक खूण. उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, ट्रायग्लिसराइड १५० किंवा वर, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पुरुषांत ४० आणि बायकांत ५० च्या खाली, बीपी १३०/८५ किंवा वर, या उरलेल्या चार. पाचांतल्या तीन जुळल्या की डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या खुणांचा गट. यातली कुठलीच खूण अंगाला जाणवत नाही, म्हणून रक्त द्यावं लागतं.

मशीन तळपायातून अगदी हलका विद्युतप्रवाह सोडतं आणि त्याला होणाऱ्या अडथळ्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. अंदाजच तो. दिवसभर उन्हात होडीवर घाम गाळून आलात तर चरबी आहे त्याहून जास्त दिसते; पायांना सूज असेल तर कमी. म्हणून एका आकड्यावर घाबरू नका आणि खूशही होऊ नका. तीन महिन्यांनी त्याच वेळी, तसेच उपाशीपोटी येऊन पुन्हा मोजा. पेसमेकर असलेल्यांनी मशीनवर चढू नये, गरोदर बायकांनीही नको.

रक्तासाठी रात्रीच्या जेवणानंतर दहा-बारा तास फक्त पाणी. कोरा चहासुद्धा नको. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी घाई असली तरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी येऊ नये. मोदकांचे ट्रायग्लिसराइड मोजून काय करायचं? आठवडाभर नेहमीचं जेवा, मग मुंबईत तपासलंत तरी चालेल.