केमोनंतरचे केस: एका ‘किरकोळ’ दुष्परिणामाची पार्श्वभूमी

१९८३ साली सिडनीतल्या डॉक्टरांनी केमोथेरपी घेणाऱ्या रुग्णांना विचारलं, या उपचारात तुम्हाला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा होतो? पहिला नंबर उलट्यांचा लागला, दुसरा मळमळीचा आणि तिसरा केस गळण्याचा. डॉक्टरांच्या लेखी मात्र केस हा तिसरा काय, तेरावा प्रश्नही नव्हता. उलट्यांवर ऑन्डानसेट्रॉन आलं, १९९१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि केमोच्या वॉर्डचं चित्रच पालटलं. केसांचं घोडं मात्र तिथेच पेंड खात राहिलं.

असं का झालं, याचं उत्तर केमोच्या जन्मकथेत आहे. १९४२ मध्ये येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी नायट्रोजन मस्टर्ड हे युद्धातल्या विषारी वायूचं भावंड लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, रुग्णाला देऊन पाहिलं. २ डिसेंबर १९४३ ला इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तिथे उभ्या असलेल्या एका अमेरिकन जहाजात मस्टर्ड वायूचा गुप्त साठा होता. त्याच्या संपर्कात आलेल्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळल्या आणि वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हे रसायन आधी घाव घालतं, ही गोष्ट पुन्हा ठळक झाली. १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिल्याचे निष्कर्ष मांडले. ते औषध आलं होतं लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेतून, जिथल्या संशोधनाची सूत्रं आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. त्या मुलांना मिळाले ते काही महिने. अशा वेळी केसांचं कोण विचारणार?

हिशेब बदलला तो सत्तरच्या दशकात. लाल रंगाचं डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध १९७४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. त्यावर जवळजवळ सगळ्यांचेच केस जातात. १९७६ मध्ये मिलानच्या बोनाडोना यांनी दाखवून दिलं, की स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर केमो दिली तर आजार उलटण्याचं प्रमाण घटतं. म्हणजे आता केमो घेणारी बाई मरणाच्या दारातली नव्हती. तिला बरं होऊन नोकरीवर, बाजारात, लग्नकार्यात परत जायचं होतं. माझ्या मते केसांचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे जन्मला.

केस जातात कसे, ते थोडं सविस्तर बघायला हवं, कारण पुढची सगळी काळजी त्यावरच बेतलेली आहे. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि कुठल्याही दिवशी त्यांतले ८५ ते ९० टक्के वाढीच्या अवस्थेत असतात. मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी, म्हणून औषधाच्या तडाख्यात त्या अलगद सापडतात. केस मुळाशी बारीक होत जातो आणि तुटतो. पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत उशी, कंगवा आणि न्हाणीघराची जाळी भरू लागते. त्याच्या आधी एक-दोन दिवस टाळू दुखते, हे मात्र फार कमी जणींना कुणी सांगून ठेवलेलं असतं. घट्ट अंबाडा घालूनच झोपलं की सकाळी मुळं ठणकतात, तसं काहीसं; भांगाला नुसतं बोट लावलं तरी नको होतं.

वाचवणारी गोष्ट अशी, की केसाच्या मुळापासून जरा वर एक फुगवटा असतो आणि मूळपेशींचं, म्हणजे नवा केस घडवू शकणाऱ्या ‘स्टेम सेल्स’चं, कोठार तिथे असतं. हे १९९० मध्ये अमेरिकन संशोधकांनी उंदरांच्या त्वचेत दाखवलं. या पेशी फार सावकाश विभागतात, त्यामुळे औषध सहसा त्यांना सोडून देतं. पीक जातं, बियाणं राहतं.

केस वाचवण्याचे पहिले प्रयोग आज वाचताना अंगावर येतात. साठ-सत्तरच्या दशकांत औषध चढवताना कपाळाभोवती पट्टा आवळून टाळूचा रक्तपुरवठा रोखून बघितला गेला. मग बर्फ आला. १९७९ मध्ये ॲरिझोनातल्या डॉक्टरांनी बर्फाच्या पिशव्यांनी डोकं गार ठेवून डॉक्सोरुबिसिन दिलं आणि बऱ्याच जणांचे केस टिकले. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, मुळापर्यंत औषध कमी पोचतं आणि मुळाशी चाललेलं कामही मंदावतं. १९९० मध्ये मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डोकं गार ठेवणाऱ्या टोप्यांची विक्री थांबवली. सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा नाही आणि गार टाळूत कॅन्सरच्या पेशी लपून राहिल्या तर काय, ही धास्ती. ती अगदीच अनाठायी नव्हती. रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही ही टोपी वापरत नाहीत.

युरोपात काम चालू राहिलं. इंग्लंडमधल्या हडर्सफिल्डच्या पॅक्समन कुटुंबाचा धंदा बिअर गार करणाऱ्या यंत्रांचा. घरातल्या सूनबाईंचे केमोत केस गेले, तेव्हा तेच तंत्र डोक्यासाठी वापरायची कल्पना निघाली. स्वीडनची डिग्निकॅप ही अशीच गार टोपी डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत मान्य झाली, पॅक्समनची टोपी २०१७ मध्ये. त्याच वर्षी फेब्रुवारीत दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात टोपी घातलेल्यांपैकी निम्म्या बायकांचे केस टिकले, दुसऱ्यात दोन-तृतीयांश. न घातलेल्यांत शून्य. परळच्या टाटा मेमोरियलनेही अशी चाचणी घेतली. २०२० मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत निम्म्याहून थोड्या जास्त जणींचे केस टिकले होते.

प्रत्यक्षात हे प्रकरण वेळखाऊ आहे. केस ओले करून, कपाळाला पट्टी लावून टोपी घट्ट बसवतात. औषधाच्या अर्धा तास आधी ती सुरू होते, औषध संपल्यावरही तास-दीड तास डोक्यावर राहते. पहिली दहा-पंधरा मिनिटं कपाळ ठणकतं, मग बधिरता येते. सगळीकडे ही सोय नाही, आणि जिथे आहे तिथे खर्च बहुधा खिशातूनच.

आपल्याकडे या विषयाला आणखी एक पदर आहे. बाईचं मुंडण केलेलं डोकं म्हणजे केशवपन, ही आठवण मराठी घरांतून पुरती गेलेली नाही. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन न करण्यासाठी संप केला होता. ती प्रथा गेली, पण टक्कल झालेल्या सवाष्णीकडे बघून सासूबाईंच्या चेहऱ्यावर जे येतं, ते तिथूनच आलेलं असतं. म्हणून मग ‘तिरुपतीला जाऊन आलो’ ही सबब. चालते बिचारी, पण भुवयाही गेल्या की तीही उघडी पडते.

दुसरा वारसा जावळाचा. बाळाचं जावळ काढलं की केस दाट येतात, हा समज इतका पक्का, की केमो संपल्यावर पहिली लव उगवली की ‘एकदा वस्तरा फिरवून घे’ असा सल्ला हमखास येतो. अमेरिकन शरीररचनातज्ज्ञ मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच पुरुषांच्या दाढीवर मोजमापं घेऊन दाखवलं होतं, की वस्तऱ्याने केसाची जाडी वा वेग बदलत नाही. केमो चालू असताना तर वस्तरा नकोच. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी असताना लहानशी कापही महागात पडते. केस गळू लागले की ट्रिमरने बारीक करून घ्यावेत. दुखणंही हलकं होतं.

कांद्याच्या रसाचं खूळ कुठून आलं? घरगुती तोडगा म्हणून तो जुना असेलच, पण त्याला ‘संशोधनाचा’ शिक्का मिळाला तो २००२ मध्ये बगदादहून आलेल्या एका छोट्या अभ्यासामुळे. तो चाईवरचा होता, म्हणजे गोल चट्ट्यांत केस जाण्याच्या पूर्ण वेगळ्या आजारावरचा. केमोने पातळ, कोरडी झालेली टाळू हा रस लावला की भाजल्यासारखी होते. लसूण, लिंबू, मोहरीचं तेल यांचंही तेच. या टाळूच्या गरजा फार थोड्या आहेत: कोमट पाणी, बिनवासाचा सौम्य शाम्पू, तोही आठवड्यातून एक-दोनदा, टिपून पुसणं, हलकं मॉइश्चरायझर किंवा चार थेंब खोबरेल. उन्हात सुती रुमाल किंवा टोपी हवीच, कारण त्या कातडीने आजवर ऊन पाहिलेलं नसतं.

औषधांतलं मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचं. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून १९८८ मध्ये अमेरिकेत ते टकलासाठी मान्य झालं. १९९६ च्या एका चाचणीत स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना ते लावायला दिलं. केस गळणं थांबलं नाही, पण टकलाचा काळ सरासरी पन्नास दिवसांनी घटला. लावायचं का आणि कधीपासून, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच. बायोटिनच्या गोळ्यांबाबत जास्त सावध राहावं. त्यांमुळे थायरॉइड, ट्रोपोनिन (हृदयविकाराच्या झटक्याची) अशा रक्तचाचण्या चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला.

शेवटच्या डोसनंतर महिना-दीड महिन्यात मऊ लव दिसते, तीन ते सहा महिन्यांत डोकं झाकलं जातं. पुढे महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. सरळ केसांच्या जागी कुरळे येणं, करड्या रंगाचे येणं नेहमीचंच. बहुतेकींचं हळूहळू पूर्ववत होतं. रंग लावायची घाई निदान सहा महिने करू नये. काळी मेंदीही रंगच समजावा, तिच्यात बहुधा पीपीडी हे रसायन असतं.

सगळ्यांचे केस पूर्ण परत येतात, असं आश्वासन मात्र देऊ नये. डोसेटॅक्सेल किंवा बुसल्फान या केमोच्या औषधांनंतर काही थोड्यांचे केस कायमचे विरळ राहतात. डोसेटॅक्सेलच्या माहितीपत्रकात अमेरिकेत ही सूचना २०१५ मध्ये आली. त्यात टॅमॉक्सिफेनसारखी हार्मोनची गोळी पाच-दहा वर्षं चालू असेल, तर तीही केस पातळ करते. म्हणून केमो संपून सहा महिने झाले तरी टाळू दिसत असेल, तर तेलं बदलत बसण्यापेक्षा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं आणि चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी.