परतीच्या रक्ताचा हिशोब

शांत बसलेल्या प्रौढ माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. जोरात धावताना हाच आकडा २० लिटरवर जातो, कसलेल्या धावपटूंमध्ये ३५ च्याही पुढे. अंगातलं एकूण रक्त मात्र ५ लिटरच्या आसपासच असतं, म्हणजे तेच रक्त मिनिटात चार, सहा, सात फेऱ्या मारतं. हृदय किती जोरात ढकलतं याचं कौतुक सगळ्यांनाच असतं. पण ढकलायला आधी रक्त परत यावं लागतं. रक्ताभिसरणाचा सगळा इतिहास त्या परतीच्या वाटेभोवती फिरतो, असं आम्हाला वाटतं.

दुसऱ्या शतकातला वैद्य गेलन याच्या मते रक्त यकृतात अन्नापासून तयार होई आणि पाटाचं पाणी शेतात जिरावं तसं अवयवांत जिरून जाई. परतीचा प्रश्नच नव्हता. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी भोकं आहेत, असंही त्याने मानलं होतं. तेराव्या शतकात इब्न अल-नफीस याने लिहून ठेवलं की पडदा भरीव आहे आणि रक्त उजवीकडून डावीकडे फुफ्फुसांतूनच जातं. युरोपात हे मान्य व्हायला सोळावं शतक उजाडलं.

इंग्लिश वैद्य विल्यम हार्वी इटलीतल्या पदुआला शिकला. तिथल्या त्याच्या गुरूने, फॅब्रिशियसने, शिरांमधल्या झडपांचं वर्णन १६०३ मध्ये छापलं होतं. पण त्या कशासाठी, हे त्याला नीट उलगडलं नव्हतं. रक्त खाली साचू नये म्हणून असाव्यात, एवढाच त्याचा अंदाज. हार्वीने त्यांची दिशा पाहिली. सगळ्या झडपा हृदयाकडेच उघडत होत्या. मग त्याने हिशोब मांडला. ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडतं आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडतात असं धरलं, तरी ५०० औंस होतात, म्हणजे सुमारे १५ किलो. दोन्ही आकडे त्याने मुद्दाम कमी धरले होते. एवढं रक्त अन्नातून अर्ध्या तासात बनणं शक्यच नाही. तेव्हा तेच रक्त फिरून येत असणार. १६२८ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं.

त्याने दाखवलेला प्रयोग निरोगी हातावर आजही करून पाहता येतो. कोपराच्या वर रुंद पट्टी मध्यम आवळून बांधा आणि मूठ दोन-चार वेळा मिटा-उघडा. शिरा फुगतात आणि मध्ये मध्ये गाठीसारखे उंचवटे दिसतात, त्या झडपा. एका शिरेवर मनगटाच्या बाजूला एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने रक्त निपटत पुढची झडप ओलांडा आणि ते बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त खाली उतरत नाही. आता मनगटाकडचं बोट सोडा. शीर खालून क्षणात भरते. पट्टी फार करकचून बांधली तर प्रयोग फसतो. हृदयाकडून रक्त आणणारी खोलवरची धमनीही दाबली जाते, मनगटाची नाडी लागत नाही, हात पांढरा पडतो आणि शिरा फुगतच नाहीत, कारण हातात रक्त येतच नसतं. घट्ट आणि मध्यम गाठीतला हा फरकच हार्वीचा मोठा पुरावा होता: रक्त खोलवरच्या धमनीने येतं आणि वरवरच्या शिरांनी परततं. पट्टी मिनिटा-दोन मिनिटांत सोडावी.

धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून, हे हार्वीला दिसलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुफ्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. १७३३ मध्ये स्टीफन हेल्सने घोडीच्या धमनीला काचेची नळी जोडून रक्त ८ फुटांहून उंच चढल्याचं प्रसिद्ध केलं. रक्तदाब मोजायला दंडाला बांधायची पट्टी १८९६ मध्ये रिवा-रोचीने आणली आणि १९०५ मध्ये कोरोत्कोवने तिच्याखालचे आवाज ऐकून वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब मोजायची रीत घालून दिली.

मिनिटाला किती रक्त फिरतं, हे मोजायची युक्ती अडॉल्फ फिकने १८७० मध्ये सुचवली आणि ती सुंदर आहे. शरीर मिनिटाला २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं आणि प्रत्येक लिटर रक्त वाटेत ५० मिलिलिटर सोडून येतं, तर ५ लिटर रक्त गेलं असलंच पाहिजे. अडचण एकच होती. परतलेलं, सगळ्या अंगाचं मिसळलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूलाच मिळतं. १९२९ मध्ये जर्मन डॉक्टर फोर्समनने हाताच्या शिरेतून स्वतःच्याच हृदयापर्यंत नळी सरकवली. पुढे कुर्नां आणि रिचर्ड्स यांनी त्यातून मोजमापाची पक्की पद्धत उभी केली. तिघांना १९५६ चं नोबेल मिळालं.

तोवर इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टार्लिंगने कुत्र्याच्या हृदयावर दाखवून दिलं होतं की आत जास्त रक्त आलं की स्नायू जास्त ताणला जातो आणि पुढचा ठोका जास्त जोराचा पडतो. ओटो फ्रँकने बेडकाच्या हृदयात १८९५ मध्ये असंच पाहिलं होतं. हृदय आलेलं रक्त पुढे पाठवतं, साठवून ठेवत नाही.

व्यायामाला सुरुवात होताच ठोके वाढतात कसे? क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९१३ मध्ये नोंदवलं की वाढ जवळजवळ लगेच होते. स्नायूंतली रसायनं रक्तातून पोहोचायलाही तेवढा वेळ पुरत नाही. म्हणजे हुकूम मेंदूकडूनच येतो. हृदयाची स्वतःची गती मिनिटाला १०० च्या आसपास असते आणि व्हेगस मज्जातंतू ती दाबून ६०–७० वर ठेवतो. आधी हा ब्रेक सुटतो, मग ठोके वाढवणाऱ्या सिंपथेटिक मज्जातंतूंचा जोर चढतो. १९३७ मध्ये आलम आणि स्मर्क यांनी आणखी एक धागा जोडला: काम करणाऱ्या अवयवाचं रक्त पट्टीने अडवून काम थांबवलं तरी दाब चढलेलाच राहतो. रक्त अडवलेल्या स्नायूकडूनही संदेश जात असतो.

विश्रांतीत हाडांवरच्या स्नायूंना एकूण रक्ताचा पाचवा हिस्सा मिळतो, जोराच्या व्यायामात चार पंचमांशाहून जास्त. आतडी आणि मूत्रपिंडांचा वाटा त्या वेळी आवळला जातो. शिवाय लिटरमागे ५० ऐवजी १५० मिलिलिटर ऑक्सिजन काढून घेतला जातो. हृदयाच्या स्नायूला मात्र ही सोय नाही. तो बसल्या जागीही आलेल्या ऑक्सिजनपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास काढून घेतो. त्याची गरज वाढली की रक्तच वाढवावं लागतं, आणि ते प्रामुख्याने दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात मिळतं. ठोके वाढले की विसावा आखडतो. हृदयाच्या धमन्या अरुंद असतील तर छातीत दुखणं चढ चढतानाच का सुरू होतं, ते यावरून कळतं.

परतीचं काम पोटऱ्या करतात. प्रत्येक पावलाला स्नायू शिरा पिळतो आणि हार्वीच्या त्याच झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत. धावता धावता एकदम उभं राहिलं की पायांतल्या वाहिन्या रुंदच असतात, पिळणं मात्र थांबतं. रक्त पायांत साचतं, दाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून शेवटची ५ ते १० मिनिटं चालत राहायचं. चक्कर आलीच तर आडवं होऊन पाय उंच ठेवायचे, खुर्चीत बसवायचं नाही.

मिनिटाला कमाल किती ठोके पडू शकतात, हे सांगणारं ‘२२० वजा वय’ हे सूत्र १९७१ मधल्या एका लेखातून रूढ झालं. ते ठरवायला स्वतंत्र प्रयोग झालेला नव्हता, आधीचे आकडे एकत्र मांडून काढलेला तो अंदाज होता. एकाच वयाच्या माणसांत त्याहून १०–१२ ठोक्यांचा फरक सर्रास पडतो, आणि बीटा-ब्लॉकर, म्हणजे ठोके मंदावणारी औषधं, घेणाऱ्यांना तर ते लागूच पडत नाही.

सरावाने कमाल ठोके वाढत नाहीत. वाढतं ते रक्तद्रवाचं प्रमाण आणि ठोक्यामागचं रक्त. उलट दिशेचा पुरावा १९६६ मध्ये डॅलसला मिळाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता चतुर्थांशाहून जास्त घटली, कमाल ठोके मात्र जवळपास तेच राहिले. कमी झालं होतं ते ठोक्यामागचं रक्त. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा त्या तीन आठवड्यांनी झालेली घट तीस वर्षांच्या वयोमानाच्या घटीपेक्षा मोठी निघाली. दीर्घ आजारातून उठल्यावर पूर्वीच्याच वेगाने चालताना ठोके वीस-पंचवीसने जास्त दिसतात, ते याचमुळे. तेव्हा वेग कमी करून आधीच्या ठोक्यांवर यावं आणि वेग आठवड्या-आठवड्याने वाढू द्यावा.