रात्री दोनला वाजणारा बँड

मागच्या गणपतीनंतरची गोष्ट. साताऱ्याहून आत्याचा फोन आला. "अगं, विसर्जन होऊन पंधरा दिवस झाले, तरी इथे रात्री दोन वाजता बँड वाजतोय. कुणाला सांगायचं?"

आत्याचं वय ७८. एकटी राहते. गेली पाच-सहा वर्षं तिला कमी ऐकू येतं, पण कानाचं मशीन घ्यायला तयार नव्हती. मी गेले तेव्हा तिने स्वतःच लावलेला छडा मला करून दाखवला. खिडकी उघडली, आवाज वाढला नाही. खिडकी लावली, कमी झाला नाही. मग दोन्ही कानांत बोटं घातली. बाहेरचा आवाज असता तर दबला असता. हा उलट मोठा झाला. "म्हणजे हे माझ्याच डोक्यात आहे," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

महिनाभर तिची झोप उडाली होती. शेजारच्या बाईंनी बाहेरची बाधा म्हणून अंगारा आणून दिला. एका डॉक्टरांनी कानात न बघताच झोपेची गोळी लिहून दिली. गाणं काही थांबलं नाही. आपल्याला वेड लागतंय या भीतीने ती सुनेलाही काही बोलली नव्हती. या भीतीसाठीच मी हा लेख लिहिते आहे, कारण कमी ऐकू येणाऱ्या अनेक म्हाताऱ्या माणसांना असं संगीत ऐकू येतं आणि त्यातली बरीचशी ते लपवतात.

आपलं ऐकणं कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या एका नळीत सुरू होतं. तिथे आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात. वय, गोंगाट, काही औषधं यांनी त्या मरतात, आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. (पक्ष्यांमध्ये उगवतात, कोंबडीच्या पिल्लाला हे जमतं आणि आपल्याला नाही, याची मला फार हळहळ वाटते.) बहुधा आधी उंच पट्टीच्या आवाजांच्या पेशी जातात. म्हणून आजोबांना "तुम्ही बोलता ते ऐकू येतं, पण कळत नाही" असं होतं: स, श, फ, त हे आवाज गळून पडलेले असतात.

मेंदूला मात्र शांतता मानवत नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी कान चांगले असलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं. त्यातल्या ९४ टक्के लोकांना काही मिनिटांतच गुणगुण, शिट्टी, घोंघावणं असं काहीतरी ऐकू आलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १८ जणांनी एका कानात सात दिवस बोळा घालून ठेवला. १४ जणांना नसलेले आवाज ऐकू येऊ लागले, आणि बोळा काढल्यावर ते गेले. येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपलं आवाजाचं बटण मोठं करतो आणि मग स्वतःचीच खरखर त्याला ऐकू येते. कर्णनाद, म्हणजे कानात सतत येणारी गुणगुण किंवा शिट्टी, बऱ्याचदा असाच सुरू होतो.

पण खरखर वेगळी आणि बँड वेगळा. ठेका, चाल, सनई हे सगळं कुठून येतं?

यासाठी ऐकण्याबद्दलची एक समजूत सोडावी लागते. कान आवाज पाठवतो आणि मेंदू तो फक्त घेतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मेंदू सतत आधीच अंदाज बांधत असतो आणि कानाकडून आलेल्या माहितीवर तो ताडून बघतो. १९७० साली रिचर्ड वॉरन यांनी ध्वनिमुद्रित वाक्यातला एक आवाज पुसून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्यांना शब्द पूर्णच ऐकू आला. काय गाळलंय ते सांगता येईना. मंडपातला कर्णा कितीही फाटका असला तरी ओळखीच्या आरतीचे शब्द आपल्याला नीट लागतात, ते याचमुळे. निम्मी आरती आपला मेंदूच म्हणत असतो.

आता या कामाकडे जरा बारकाईने बघू. मेंदूत आवाजाच्या पायऱ्या आहेत. खालची पायरी सूर ओळखते, वरची चाल ओळखते. वरची पायरी खाली सांगते, "आता पंचम येणार." खालची कानाशी ताडून फक्त चूक वर कळवते: "पंचम नाही, धैवत आला." वरची आपला अंदाज दुरुस्त करते. यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, ती म्हणजे चुकीला किती वजन द्यायचं. कान धड असेल तर त्याची साक्ष भारी ठरते. कान अर्धवट, पुसट माहिती देऊ लागला की मेंदू त्या साक्षीचं वजन उतरवतो. मग एखाद्या वेळी सूर ओळखणाऱ्या भागात आपोआप थोडी हालचाल झाली, तर ती खोडून काढायला कोणी उरत नाही. ती वर जाते, वरची पायरी "ही तर ओळखीची चाल" म्हणून पुढचा अंदाज खाली पाठवते, खालची त्याला होकार देते, आणि चक्र फिरत राहतं. संगीतच का, बोलणं का नाही? कारण संगीत पुनरावृत्तीने भरलेलं असतं, एका सुरावरून पुढच्याचा अंदाज सहज बांधता येतो. आत्याच्या बँडच्याही दोनच ओळी होत्या, पुन्हापुन्हा त्याच, शब्दांविना.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या टिमोथी ग्रिफिथ्स यांनी २००० साली, बहिरेपणानंतर असं संगीत ऐकू येणाऱ्या सहा जणांच्या मेंदूची छायाचित्रं काढली. खरं गाणं ऐकताना मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच बहुतेक इथेही जागे होते. २०१४ साली सुखबिंदर कुमार आणि त्याच गटाने कीबोर्ड वाजवणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या एका बाईंना खरं संगीत थोडा वेळ ऐकवलं. ते बंद केल्यावरही काही काळ त्यांचं आतलं संगीत दबलेलं राहिलं, आणि त्या बदलत्या वेळी मेंदूतले फरक मोजता आले. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. खरा, स्पष्ट आवाज मिळाला की साक्षीदार परत हजर होतो आणि खोटा अंदाज खोडला जातो. उपायाचं मूळ इथेच आहे.

डोळ्यांचंही असंच होतं. नजर गेलेल्या आपल्या आजोबांना माणसं, पक्षी, इमारती दिसत, पण त्यांची बुद्धी शाबूत होती, हे जिनिव्हाच्या शार्ल बोने यांनी १७६० सालीच नोंदवलं आहे. अडीचशे वर्षं ही माहिती उपलब्ध असताना आपण अंगारा लावतो, याचा मला राग येतो. फोनवर येणाऱ्या "कानात दोन थेंब टाका, बहिरेपण घालवा" अशा तेलांच्या जाहिरातींचाही येतो. मेलेली केसपेशी तेलाने जिवंत होत नाही.

आत्याला आम्ही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेलं. आधी मळ काढला, मग कानाची तपासणी केली. चालू गोळ्यांची यादी दाखवली, कारण ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामकांनी आणि इतरही काही औषधांनी असे भास झाल्याच्या नोंदी आहेत. दुकानातून आणलेल्या ॲलर्जीच्या गोळ्या झोपेसाठी घेणंही म्हातारपणी वाईट. त्यांनी गोंधळ वाढतो. फिट येत असेल, विसराळूपणा वाढला असेल किंवा आवाज हुकूम सोडत असतील, तर तपास वेगळा. आणि एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तिथे दिवस फुकट घालवून चालत नाही.

दोन्ही कानांना मशीन बसवल्यावर दिवसाचा बँड महिन्या-दीड महिन्यात बराच ओसरला. सगळ्यांचाच ओसरतो असं नाही. रात्रीची अडचण राहिली. झोपताना मशीन काढावं लागतं, उशीला घासून ते शिट्टी मारतं, कानालाही हवा हवी असते. मशीन काढलं की घर एकदम निःशब्द, आणि बँड सुरू.

मग उशाशी छोटा स्पीकर ठेवला. पंखा आधी लावून बघितला होता, पण त्याच्या एकसुरी घुंईतून तिला तंबोरा आणि मग त्यावर गाणं ऐकू यायचं. काहींना पंखा चालतो, काहींना असा नडतो. आपापलं तपासून बघावं. आत्याला पावसाचा आवाज मानवला, बँडपेक्षा किंचित हळू ठेवलेला. त्याबरोबर झोपेचे जुनेच नियम, जे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ साली मांडले: झोप आली तरच अंथरुणाला पाठ टेकायची, वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, सकाळी ठरल्या वेळीच उठायचं. पहिले दहा दिवस ती वैतागली. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून हळूहळू सुटली.

परवा तिचा फोन होता. मधूनमधून पहाटे बँड अजून येतो. तेव्हा ती उठते, मशीन घालते, ओट्यावर चहाचं आधण ठेवते आणि मनातल्या मनात दुसरा एखादा अभंग लावून धरते. कधीकधी बँड मागे पडतो आणि तो अभंग सुरू होतो. "तो थांबवता येत नाही गं," ती म्हणाली, "पण बदलता येतो." शेजारच्या बाईंच्या सासऱ्यांनाही हल्ली रात्री कीर्तन ऐकू येतंय. त्यांच्या कानाच्या तपासणीला सोमवारी आत्याच सोबत जाणार आहे.